कोल्हापूर प्रकरण : राजाला वेडा ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

१८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, हे आपण शाळेत वाचलेले असते. कोल्हापूरच्या दिवाणाची बदनामी केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, एवढे एक वाक्य पाठ्यपुस्तकात येते आणि धडा पुढे सरकतो. ज्या माणसासाठी हे सारे घडले, तो मात्र त्या वाक्यात नसतो. तो एकोणीस वर्षांचा होता, छत्रपतींच्या गादीवर बसलेला होता, आणि टिळक-आगरकर तुरुंगात जाण्यापूर्वीपासून स्वतःही बंदिस्त होता. फरक एवढाच की त्या दोघांच्या कैदेला मुदत होती, निकालपत्र होते आणि सुटकेची तारीख होती. त्याच्या कैदेला यांपैकी काहीच नव्हते. आजचा हा धागा त्याच्याविषयी, म्हणजे कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्याविषयी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडची सफर आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. त्यांचे स्मारक आजही तेथे उभे आहे. त्यांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला आणि त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले. राजा अल्पवयीन असल्याने कारभाराची सूत्रे पोलिटिकल एजंट आणि त्याच्या पसंतीचे कारभारी यांच्या हाती राहिली. हा मुलगा मोठा होऊन कारभार हाती घेणार, असा काळ जवळ येत असतानाच त्याच्या मनःस्वास्थ्याविषयी बातम्या पसरू लागल्या. महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारकडून सांगण्यात येऊ लागले. महाराजांना मारहाण होते, त्यांना आप्तांपासून तोडून गोऱ्या पहारेकऱ्यांच्या ताब्यात ठेवले आहे, आणि वेड लागले असेलच तर ते या छळाने लागले आहे, असे लोक म्हणू लागले.

या धाग्याखाली पहिलाच प्रश्न येईल की महाराज खरोखर आजारी होते की नव्हते? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. समजा, ते आजारी होते. तरीही एखाद्या माणसाला वेडा ठरवून त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडायचे असेल, त्याच्यावर सक्तीने उपचार करायचे असतील, तर तो निर्णय कोणी घ्यायचा, कोणत्या पुराव्यावर घ्यायचा आणि तो चुकला तर दाद कोठे मागायची, हे प्रश्न उरतातच. चौथ्या शिवाजींच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते : सरकार.

आता कोणी म्हणेल, एकोणिसाव्या शतकात वेड्यांना कसले आले हक्क! प्रत्यक्षात त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात कायदा होता. कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले त्या १८५८ साली वेडेपणाविषयी तीन कायदे लागोपाठ मंजूर झाले. त्यांचे क्रमांक ३४, ३५ आणि ३६. पहिला इलाख्यांच्या राजधान्यांतील सर्वोच्च न्यायालयांसाठी, दुसरा जिल्हा न्यायालयांसाठी आणि तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसाठी होता.

३५ क्रमांकाच्या कायद्यानुसार एखाद्या मालमत्ताधारकाला वेडा ठरवायचे असेल तर दिवाणी न्यायालयात रीतसर अर्ज करावा लागे. चौकशीची जागा आणि वेळ ठरवून न्यायालयाने त्या व्यक्तीला नोटीस द्यायची, गरज वाटल्यास तिला समोर बोलावून तपासायचे, आणि मगच निर्णय द्यायचा. नोटिशीची ही अट वरवर किरकोळ वाटते. पण जिला वेडी म्हटले जात आहे तिचेही काही म्हणणे असू शकते, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. त्याच कायद्यात आणखी एक शहाणपणाची तरतूद होती. वेड्या ठरलेल्या माणसाच्या वारसाला त्याच्या शरीराचा पालक नेमायचे नाही. ज्याला त्याच्या मरणाने लाभ होणार, त्याच्या हाती त्याचे जगणे द्यायचे नाही, एवढा व्यवहार त्या काळच्या कायदेकर्त्यांना कळत होता.

३६ क्रमांकाचा कायदा रस्त्यावरच्या माणसासाठी होता. मोकाट भटकणारा आणि धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनी पकडला तर त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागे. मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने त्याला तपासायचे, डॉक्टरने सही करून दाखला द्यायचा, आणि दोघांची खात्री पटली तरच इस्पितळात पाठवण्याचा हुकूम निघायचा. इस्पितळावर देखरेखीसाठी अभ्यागत नेमलेले असत. रुग्णाला सोडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना होता. याच कायद्याच्या पाचव्या कलमात नातेवाइकांच्या किंवा इतर कोणाच्या ताब्यातील वेड्याचा छळ होत असेल तर पोलिसांनी ते मॅजिस्ट्रेटला कळवायचे आणि मॅजिस्ट्रेटने त्याला समोर आणवायचे, अशी तरतूद होती.

या कायद्यांची उगाच तारीफ करू नये. त्यांत वकिलाचा हक्क नव्हता, कोंडण्याला मुदत नव्हती, आणि ‘धोकादायक’ या शब्दात पोलिसाला वाटेल ते मावत असे. इंग्लंडमध्येही, जेथून या कायद्यांची कल्पना आली, तेथे अशा कायद्यांवर सडकून टीका होत होती, आणि ती करणाऱ्यांत वेडे म्हणून कोंडले गेलेले लोकच पुढे होते. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांची १८१२ मध्ये संसदेच्या इमारतीत गोळी घालून हत्या झाली. त्यांचा मुलगा जॉन याला १८३१ पासून सुमारे तीन वर्षे खासगी वेड्यांच्या घरांत ठेवण्यात आले होते. बाहेर पडल्यावर त्याने आपल्या अनुभवाचा वृत्तांत छापला आणि १८४५ मध्ये समविचारी माणसांबरोबर एक संस्था उभारली. वेडे ठरवलेल्यांचे मित्रमंडळ, असा तिच्या नावाचा आशय होता. आपण कधी आजारी नव्हतोच, असे जॉन पर्सिव्हलने म्हटले नाही. आपल्याला आजार झाला होता आणि तरीही आपल्याशी जे झाले ते अन्याय्य होते, हे त्याचे म्हणणे होते. मला ते फार मोलाचे वाटते.

कायदा अपुरा होता, तरी होता. पुण्याच्या रस्त्यावर बरळत फिरणाऱ्या एखाद्या भिकाऱ्याला निदान मॅजिस्ट्रेटचे तोंड दिसत असे. कोल्हापूरच्या छत्रपतींना तेही दिसले नाही. कोल्हापूर हे संस्थान होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नव्हते. राजा हा तत्त्वतः सार्वभौम, म्हणून त्याच्यावर कोणत्या जिल्हा न्यायाधीशाची सत्ता चालावी? पण त्या सार्वभौमाच्या वर सरकारची अधिसत्ता होती आणि अधिसत्तेचे निर्णय न्यायालयात तपासले जात नसत. सार्वभौमत्वाचा मान राजाला केवळ संरक्षणापासून वंचित ठेवण्यापुरता उरला होता. राजा शहाणा आहे की वेडा, हा वैद्यकाचा आणि कायद्याचा प्रश्न अशा रीतीने राजकीय खात्याच्या पत्रव्यवहारातला एक विषय झाला.

याच काळातील बडोद्याचे उदाहरण शेजारी ठेवले तर ही गोष्ट अधिक ठळक होते. मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. १८७५ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. मल्हाररावांची बाजू मांडायला इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला आणि त्याने खुद्द रेसिडेंटाची उलटतपासणी घेतली. सदस्यांत तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. सरकारने शेवटी गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलेच. पण आरोप काय, साक्षीदार कोण, बचाव काय, हे जगाला कळले. विषप्रयोगाचा आरोप असलेल्या राजाला वकील मिळाला. वेडेपणाचा शिक्का बसलेल्या राजासाठी तशी उघड चौकशीही झाली नाही, कारण वेडेपणा हा गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणून खटला नाही, आणि खटला नाही म्हणून बचावही नाही. सक्तीच्या उपचारांच्या इतिहासात हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा भेटतो. ‘हे तुझ्या भल्यासाठीच आहे’ असे म्हटले की मग पुरावा मागणाराच कृतघ्न ठरतो.

न्यायालयाचा दरवाजा बंद असताना एकच दरवाजा उघडा होता, तो वृत्तपत्रांचा. ‘मराठा’ आणि ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाले. पहिल्याची जबाबदारी टिळकांकडे, दुसऱ्याची आगरकरांकडे. वर्ष संपण्यापूर्वीच दोन्ही पत्रांनी कोल्हापूर प्रकरण हाती घेतले. महाराजांच्या छळाला कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर बर्वे जबाबदार आहेत, असा लेखांचा रोख होता. काही पत्रे उजेडात आली. ती बर्व्यांची म्हणून सांगितली जात होती आणि त्यांवरून महाराजांविरुद्ध कट असल्याचे दिसत होते. संपादकांनी त्यांवर विश्वास ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

पुढची हकीकत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पत्रे बनावट असल्याचे खटल्यात उघड झाले. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले. जामिनाची वेळ आली तेव्हा महात्मा फुले यांच्या खटपटीने रामशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांची हमी भरली. मतभेद टोकाचे असूनही फुले येथे पुढे आले, याची आठवण ठेवायला हवी. १७ जुलै १८८२ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांनी तीनच दिवसांपूर्वी सव्विसावे वर्ष पूर्ण केले होते; टिळकांचा सव्विसावा वाढदिवस त्याच आठवड्यात तुरुंगात गेला. २६ ऑक्टोबरला ते सुटले. या काळात आगरकर ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरावर काम करीत होते, १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. वेडा की शहाणा याचा दरबाराला उलगडा होत नाही आणि ज्याला नजरेआड करण्यासाठी परदेशी धाडले जाते, अशा राजपुत्राचे ते नाटक. आगरकरांच्या मनात कोल्हापूर नसेलच, असे म्हणवत नाही.

संपादकांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही, पण त्यांच्या पद्धतीचा परिणाम वाईट झाला असे माझे मत आहे. ‘राजाला कोणत्या अधिकाराने कोंडले आहे?’ हा प्रश्न विचारायला कोणत्याही गुप्त पत्राची गरज नव्हती. तो उघड होता आणि सरकारला अडचणीत आणणारा होता. त्याऐवजी वाद ‘बर्व्यांनी कट केला का?’ या प्रश्नावर गेला. पत्रे खोटी ठरताच बर्वे निर्दोष ठरले, आणि बर्व्यांबरोबर सारी व्यवस्थाच निर्दोष ठरल्यासारखे झाले. ज्युरीसमोरचा प्रश्न दिवाणाच्या अब्रूचा होता. महाराजांच्या सुटकेचा हुकूम देणे ज्युरीच्या हातातच नव्हते. या खटल्यात दिवाणाला अब्रू होती, संपादकांना बचाव होता, आणि ज्याच्यावरून हे चालले होते त्याला पक्षकार म्हणूनही जागा नव्हती.

याच १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभारासाठी रीजन्सी कौन्सिल नेमण्यात आले आणि कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे रीजंट झाले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. हे अहमदनगर संस्थानात नव्हते, ब्रिटिश मुलखात होते. म्हणजे आता निदान ब्रिटिश कायद्याचा आधार मिळायला हवा होता. त्याच वर्षी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता मंजूर झाली होती. तिच्या ४९१ व्या कलमाने उच्च न्यायालयाला एक मोठा अधिकार दिला होता. कोणालाही बेकायदा अटकेत ठेवले असेल, मग ती अटक सरकारी असो वा खासगी, तर त्याला हजर करवून मुक्त करण्याचा हा अधिकार. पण तो फक्त उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरता होता, म्हणजे आपल्याकडे मुंबई शहरापुरता. नगर त्या रेषेच्या बाहेर पडत होते. १८५८ चा कायदा इस्पितळासाठी अभ्यागत नेमत होता. नगरचा किल्ला हे इस्पितळ नव्हते. छळ होत असल्यास मॅजिस्ट्रेटने लक्ष घालावे, असे पाचवे कलम सांगत होते; पण सरकारनेच ठेवलेल्या पहाऱ्याविरुद्ध सरकारच्याच मॅजिस्ट्रेटकडे तक्रार कोणी करायची? कायद्याच्या प्रत्येक कुंपणाबाहेर बरोबर एक माणूस उरला होता.

२५ डिसेंबर १८८३ रोजी किल्ल्यात महाराजांची त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या ग्रीन नावाच्या इंग्रज शिपायाशी झटापट झाली आणि तिच्यात त्यांचा अंत झाला. ते वीस वर्षांचे होते. ज्या इंग्रज पहारेकऱ्यांविषयी दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या पत्रांनी आरडाओरड केली होती, त्यांच्यापैकीच एकाशी झालेल्या झटापटीत हा शेवट झाला. बनावट पत्रांच्या गदारोळात दबून गेलेली मूळ तक्रार निराधार नव्हती, हे सांगायला आता कोणत्याही पत्राची जरुरी उरली नाही.

१७ मार्च १८८४ रोजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी कागलकर जयसिंगरावांच्या मुलाला, यशवंतरावाला, दत्तक घेतले. हेच राजर्षी शाहू महाराज. यावरून जयसिंगरावांविषयी कुजबुज करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ते महाराजांचे वारस नव्हते आणि त्यांच्यावर ठपका ठेवण्यास काही आधार नाही. पण अशी शंका कोणी घेऊच नये यासाठीच तर १८५८ च्या कायद्याने पालक आणि वारस वेगळे ठेवले होते. खुली चौकशी टाळली की निर्दोष माणसांभोवतीही संशय घुटमळत राहतो.

१८५८ च्या कायद्यांची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली. तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून अमलात येईपर्यंत त्याचाच अंमल होता. म्हणजे राज्यघटना आली, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य मूलभूत हक्क झाले, तरी माणसाला कोंडणारा कायदा वसाहतीच्याच साच्याचा राहिला. त्याचा एक परिणाम टिळक-आगरकरांच्या खटल्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना समोर आला. १९८२ च्या जानेवारीत हजारीबागच्या मोफत कायदेमदत समितीने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र पाठवले. तेथील मध्यवर्ती कारागृहात वेडे म्हणून ठेवलेले काही कैदी दोन-दोन, तीन-तीन दशके खितपत पडले होते. त्यांच्यापैकी काही जण केव्हाच बरे झाले होते आणि तशी नोंदही झाली होती, पण त्यांना सोडण्याची आठवण कोणालाच झाली नव्हती. न्या. पी. एन. भगवती यांच्यासमोर ‘वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य’ या नावाने हे प्रकरण चालले आणि सुटकेचे आदेश निघाले. या वेळी एका साध्या पत्राने कुलूप उघडले. नगरच्या किल्ल्याला अशी किल्ली नव्हती.

सध्याचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे आणि तो २०१८ पासून लागू आहे. प्रत्येक माणूस आपल्या उपचाराचा निर्णय स्वतः घेण्यास सक्षम आहे, असे धरून तो चालतो. सक्षम नाही असे म्हणणाऱ्याने ते दाखवायचे. आपण आजारी पडलो तर काय करावे आणि काय करू नये, हे आधीच लिहून ठेवता येते. आपला प्रतिनिधी आपणच नेमू शकतो. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो, पहिली मुदत ३० दिवसांची असते, आणि त्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. साखळदंडाने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. यांतले किती प्रत्यक्षात उतरते, हा निराळा प्रश्न. मंडळेच नेमली गेली नाहीत तर दाद मागायची कोणाकडे, हे विचारत लोकांना पुन्हा न्यायालयात जावे लागले आहे.

मला स्वतःला त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमापाशी थांबायला होते. एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून ठरवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गरीब, निराधार माणूस उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. माझ्या डोळ्यांपुढे तो एकोणीस वर्षांचा छत्रपतीही येतो.

मल्हारराव गायकवाड यांच्या कमिशनचा वर ओझरता उल्लेख केला आहे. बॅलंटाइनने घेतलेली उलटतपासणी हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पुढचा धागा त्यावरच.